खाप्याची लाइन ओके आहे

साहेब टेलिफोन उचलला की आधी त्यात फुंकर मारायचे. “फू, फू.” मग रुमालाने तो पुसायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “हॅलो, कोणतं टोक?” पलीकडे बोलणाऱ्याला ते कधी माणूस म्हणत नसत. रामटेकचं टोक, उमरेडचं टोक, काटोलचं टोक. रामटेकच्या मेकॅनिकला मुलगा झाला आणि त्याने पेढे पाठवले, तर साहेब पेढा खात म्हणाले, “रामटेकचं टोक कर्तबगार आहे.” आणि दुसरा उचलला.

असा साहेब तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. प्रत्येक कचेरीत एक असतो. टेरिकॉटची पँट, मे महिन्यातही टाय, खिशाला निळं, लाल आणि हिरवं अशी पेनं, आणि चेहऱ्यावर असा भाव की इथला सगळा कारभार मी एकटा बघतो आणि बाकीचे चहा पितात. आम्ही चहा पीत होतो हे खरं आहे. पण कारभारही आम्हीच बघत होतो.

आम्ही म्हणजे मी आणि शांता. नागपुरातल्या एका टेलिफोन एक्सचेंजमध्ये टेस्ट डेस्कवर आम्ही दोघी शेजारी शेजारी बसायचो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. काम सांगायला सोपं होतं. रोज सकाळी आजूबाजूच्या गावांच्या एक्सचेंजांना फोन लावायचा आणि लाइन या टोकापासून त्या टोकापर्यंत धड आहे का ते बघायचं. घंटी वाजली का, पलीकडच्याने उचललं का, आमचा आवाज तिकडे जातो का, तिकडचा इकडे येतो का. आवाज तपासायला आकडे म्हणायचे. आम्ही एक ते दहा म्हणायचो आणि पलीकडचा माणूस एकेक आकडा परत म्हणायचा. सगळे नीट ऐकू आले की रजिस्टरमध्ये ‘ओके’ लिहून पुढचं गाव.

शांता शहरातल्याच इंदोऱ्याची. तिच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच वर्षी तिला शाळेत घातलं, आणि तेव्हापासून आपण कोणाला घाबरत नाही, असं ती सांगायची. साहेबांना तर ती मुळीच घाबरत नसे. साहेब मात्र तिला थोडे घाबरायचे, आणि म्हणून तिच्याशी बोलायचं असलं की माझ्याकडे बघून बोलायचे.

एक खाप्याची लाइन तेवढी आमच्या वाटणीला नव्हती. “खाप्याची लाइन नाजूक आहे,” साहेब म्हणायचे, “ती मी स्वतः बघतो.” ती लाइन खरोखरच वाईट होती. घंटी छान वाजायची, पण आवाज कधी एकाच बाजूने जायचा, कधी कुठल्याच बाजूने जायचा नाही. तरीही साहेबांनी स्वतः उठून यावं इतकी काही ती मोठी नव्हती. खापा म्हणजे सावनेरच्या पलीकडे, कन्हान नदीच्या काठचं लहानसं गाव. तिथे एका खोलीचं एक्सचेंज आणि एकच मेकॅनिक. पण रोज सकाळी साहेब टायची गाठ सारखी करत यायचे, माझी खुर्ची मागायचे, दोन फुंकरा मारायचे आणि सुरू करायचे.

“हॅलो, खापा?”

“हो, नागपूर.”

“घंटी वाजली?”

“वाजली.”

“एक.”

“एक.”

बाकीच्या गावांचे आकडे आम्ही पाढे म्हटल्यासारखे भराभर उरकायचो. खाप्याचे आकडे सावकाश चालायचे. दोन म्हटल्यावर साहेब थांबायचे, ऐकायचे, मग तीन म्हणायचे. कधी सातवर अडायचे. “सात नीट आला नाही. पुन्हा सात.” पलीकडून पुन्हा सात यायचा. एकदा पलीकडचा मध्येच खोकला. साहेबांनी विचारलं, “हा आवाज लाइनमधला की तिकडचा?”

“इकडचा हाय.”

“काहून?” साहेबांच्या तोंडून निघून गेलं. लगेच घसा साफ करून ते म्हणाले, “म्हणजे, कारण काय?”

“नदीवरची थंडी हाय.”

“बरं. आठ.”

“आठ.”

त्या दिवशी साहेबांनी एक ते दहा तीन वेळा म्हणून घेतले. मला वाटलं, लाइन फारच बिघडली असावी. शांता मात्र पदराआड हसत होती. ते गेल्यावर म्हणाली, “तुले मालूम नाही काय वं? तो भाऊ हाय त्याचा. सख्खा, मोठा भाऊ. माझी मावशी खाप्याची हाय, तिनं सांगतलं मले.”

मग तिने सगळंच सांगितलं. दोघा भावांचं बोलणं बंद होतं, आणि कारण होतं लग्नाची पत्रिका. पत्रिकेत सगळ्यांच्या वर घरातल्या वडीलधाऱ्याचं नाव छापायचं, वडील नसले तर मोठ्या भावाचं, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. साहेबांनी मुलीच्या लग्नात पत्रिकेचे वेगवेगळे नमुने मागवले, त्यांची तुलना केली, आणि वर नाव छापलं ते आमच्या मोठ्या साहेबांचं. भावाचं नाव खाली, ‘आपले नम्र’ या ओळीत, एका मामेभावाच्या पुढे स्वल्पविराम देऊन. ज्या भावाने मॅट्रिकनंतर आपलं शिक्षण सोडलं आणि खांबांवर चढून याला इंजिनियर केलं, तो स्वल्पविरामाच्या पलीकडे. भाऊ लग्नाला आला नाही. का आला नाही, हे विचारायला साहेब गेले नाहीत. त्यानंतर दिवाळी नाही, सण नाही, काही नाही. बोलणं काय ते रोज सकाळचं, सरकारी कामाचं, एक ते दहा.

हे कळल्यापासून साहेब खाप्याला फोन लावायला आले की मी आपणहून खुर्ची सोडायची. शांता उठायची नाही. तिला आकडे ऐकायचे असायचे. आवाजावरून तिला दोन्हीकडची खबर लागायची. “आज खापा रागात हाय,” असं ती म्हणायची, किंवा “आज नागपूर जेवून नाही आलं.”

आता साहेबांच्या तुलनेबद्दल सांगितलं पाहिजे. “तुलना करून पाहू” हे त्यांचं आवडतं वाक्य. एका उन्हाळ्यात आमच्या खोलीतला पंखा बंद पडला. नागपूरचा उन्हाळा काय असतो ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. आम्ही नवा पंखा मागितला. साहेबांनी निरनिराळ्या कंपन्यांचे पंखे मागवले, मोठ्या कागदावर रकाने आखले, पात्यांची लांबी, आवाज, वाऱ्याची दिशा असं सगळं हिरव्या पेनने लिहिलं. आम्ही रजिस्टरच्या पुठ्ठ्याने वारा घेत होतो. पंखा लागला तेव्हा आम्ही स्वेटर घालून आलो होतो. साहेबांनी बटण दाबलं, वर पाहिलं आणि म्हणाले, “बघा, निवड अचूक आहे.”

तर अशा माणसाला वरून हुकूम आला की लाइन तपासायचं स्वयंचलित यंत्र घ्यायचं आहे, तुम्ही निवड करा. यंत्र आपणहून एकामागून एक फोन लावणार, लाइन या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासणार आणि कागदाच्या पट्टीवर निकाल छापणार. साहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. नवी टाय आली. चालताना टाचा वाजू लागल्या. “आता मानवी चुका संपल्या,” ते माझ्याकडे बघून शांताला म्हणाले.

“अन् मानवी बाया?” शांताने विचारलं.

“तुमची सोय होईल. तक्रारींच्या खिडकीवर.”

निवडीसाठी तीन यंत्रं आली. साहेबांनी त्यांना अ, ब आणि क म्हटलं. आम्ही आमची नावं ठेवली.

अ म्हणजे सासूबाई. तिला सगळीकडे दोष दिसायचे. ब म्हणजे जावई, कारण त्याची सरबराई करायला पलीकडच्या टोकाला माणूस बसवावा लागायचा. यंत्र इकडून फोन लावणार, तिकडच्या माणसाने उचलून आकडे म्हणायचे, आणि यंत्र त्याचा आवाज मोजणार. क म्हणजे गोडबोली. तिच्यासोबत लहान लहान पेट्या होत्या. गावच्या एक्सचेंजमध्ये एक पेटी ठेवून द्यायची. गोडबोलीने घंटी वाजवली की पेटी आपणहून ‘टूं’ करणार, तेवढ्याने सर्किट जुळलं की गोडबोली ‘ओके’ छापणार. तिकडे माणूस नको, बोलणं नको. बोललेलं ऐकू जातं की नाही, या भानगडीत ती पडतच नव्हती.

या तिघांच्या परीक्षेआधी साहेबांनी जे केलं ते मी आजही लोकांना सांगते आणि लोकांना खरं वाटत नाही. त्यांनी एक्सचेंज धुऊन काढलं. स्विचरूममधला, फोन जोडून देणारा एकेक सिलेक्टर स्पिरिटने पुसला. जुन्या वायरी बदलल्या. सैल तारा आवळल्या. आणि ज्या लाइन नेहमी कुरकुरायच्या, त्या परीक्षेच्या दिवसांपुरत्या बंदच करून टाकल्या. “पाहुणे येणार आहेत,” ते म्हणाले, “रिपोर्ट स्वच्छ पाहिजे.”

बिघाड शोधणारं यंत्र निवडायचं होतं, आणि साहेबांनी शोधायला बिघाडच ठेवला नाही.

“अवं, चोर पकडाच्या कुत्र्याची परीक्षा घेऊन राह्यला हा,” शांता म्हणाली, “अन् चोराले सुटी देऊन टाकली.”

मी धीर करून साहेबांना सुचवलं की एखादी लाइन मुद्दाम तोडून ठेवावी आणि कोणतं यंत्र ते ओळखतं ते बघावं. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी एक्सचेंजला काडी लावायला सांगितलं.

“बाई, चालू लाइन मुद्दाम तोडायची? सरकारी मालमत्ता आहे. नियमात बसत नाही.”

सासूबाईंची परीक्षा झाली. इतकी साफसफाई करूनही तिने दोष काढलेच. पट्टीवर पट्टी निघाली. साहेबांचे कान लाल झाले. “माझं एक्सचेंज झळकून राह्यलं अन् हे म्हणते फॉल्ट?” संताप आला की त्यांची टाय शहरात राहायची आणि जीभ खाप्याला जायची. मग त्यांनी हिरव्या पेनने लिहिलं, ‘यंत्र अतिसंवेदनशील असून विश्वासार्ह वाटत नाही.’ तिने दाखवलेला एकही दोष कोणी जाऊन पाहिला नाही. शांताने एक पाहिला. तो होता.

गोडबोलीने मात्र पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत ओके, ओके, ओके छापलं. साहेब पट्टी हातावर तोलून म्हणाले, “हे यंत्र समजूतदार आहे.”

राहिला जावई. तो काही वाईट नव्हता. आवाज खरोखर मोजायचा. आणि मला तर तोच हवा होता. यंत्राचं मला फारसं कळत नव्हतं, पण जावई आला असता तर खाप्याच्या टोकाला माणूस लागला असता, त्याने आकडे म्हटले असते, साहेबांनी उभं राहून ते ऐकले असते. इतकं तरी राहिलं असतं. शांता एरवी साहेबांची खोड काढायची एक संधी सोडत नसे, पण या बाबतीत तीही गंभीर झाली. “तू बोल वं,” ती म्हणाली. “मी बोलली तं तो मुद्दाम उलटं करन.”

मी केबिनमध्ये गेले. साहेब रकाने भरत होते. मी म्हटलं, “साहेब, ब घ्या.”

“कारण?”

“आवाज तपासतं ते. आणि...” मी अडखळले. “आणि खाप्याशी बोलणं राहील.”

साहेबांचं पेन थांबलं. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी खरं बोलणार.

“बाई,” ते म्हणाले, “पलीकडे माणूस आला की चूक आली. माणूस खोकतो, रजेवर जातो, रुसून बसतो. पद्धत अशी पाहिजे की कोणावाचून अडता कामा नये.” आणि त्यांनी जावयाच्या रकान्यात काट मारली.

पावसाळ्यानंतर गोडबोली आली. स्विचरूमच्या कोपऱ्यात तिच्यासाठी चौथरा बांधला, हार घातला, नारळ फुटला. स्विचरूममध्ये धूळ जाऊ नये म्हणून सगळे चपला-बूट बाहेर काढून आत जायचे, त्यामुळे उद्घाटनाच्या भाषणात मोठ्या साहेबांच्या एका मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता आणि सगळ्यांचं लक्ष तिकडेच होतं. आमच्या साहेबांनी निवडीची सगळी हकीकत रकान्यांसकट वाचून दाखवली. टाळ्या झाल्या. खाप्याच्या मेकॅनिकच्या टेबलावर पेटी जाऊन बसली, आणि तोंडी टेस्ट बंद असा कागद सगळ्या गावांना गेला. सही साहेबांची.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब नेहमीच्या वेळी आमच्या डेस्कशी आले. टायची गाठ सारखी केली. मी सवयीने खुर्ची सोडली. त्यांनी रिसीव्हरला हात घातला आणि तो तसाच मागे घेतला. “बसा, बसा,” म्हणाले, “सहज आलो होतो.” असे ते पुढचे काही दिवस सहज येत राहिले. मग यायचे थांबले.

आमची बदली तक्रारींच्या खिडकीवर झाली, आणि तक्रारींना तोटा नव्हता. घंटी वाजते पण बोललेलं ऐकू येत नाही, असं सांगायला लोक येऊ लागले. सगळ्यात जास्त खाप्याच्या लाइनबद्दल. एक हातमागवाले गृहस्थ बिचारे खाप्याहून बसने येऊन भांडून गेले. साहेबांनी त्यांना पट्टी दाखवली. खापा ओके. गृहस्थ म्हणाले, ऐकू येत नाही हो. साहेब म्हणाले, “यंत्र ओके दाखवतं आहे. आपण कानाच्या डॉक्टरांना दाखवलंत का?”

मी हे हसत सांगते आहे, पण तेव्हा हसू येत नव्हतं. शिव्या आम्हाला खाव्या लागायच्या.

दिवाळी झाली, थंडी पडू लागली. एका दुपारी खिडकीशी एक उंच, वाकलेले गृहस्थ येऊन उभे राहिले. खाकी शर्ट, गळ्याभोवती मफलर, हातात कापडी पिशवी. त्यांना आम्ही कधी पाहिलं नव्हतं, पण नाक बघितल्याबरोबर मी शांताला कोपर मारलं. साहेबांचंच नाक होतं.

“मी खापा,” ते म्हणाले. नाव नाही सांगितलं. “स्टोअरमधून एक पार्ट न्याचा होता. म्हनलं, विचारून जाव. साहेब रजेवर हायत काय?”

“नाही जी,” शांता म्हणाली, “आतच हायत.”

“बरे हायत?”

“चांगले हायत.”

त्यांनी मान हलवली आणि मफलर सैल केला. “टेस्ट येऊन नाही राह्यली म्हून विचारलं. घंटी वाजते, मी धावत जाऊन उचलतो, तं कोनी बोलत नाही. पेटी आपली टूं करते. कागद आला होता, तोंडी टेस्ट बंद म्हून. सही त्याइची होती. पन सही काय, कोनाकडूनबी करून घेता येते. मले वाटलं, मानूस आजारीगिजारी असन.”

शांताने त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. मी केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, “साहेब, खापा आलेत.”

साहेब उभे राहिले. टाय ओढली, बसले, पुन्हा उभे राहिले. “काम काय आहे?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही बरे आहात का ते बघायला आलेत.”

साहेबांनी तोंड फिरवलं. मग बाहेर गेले. कितीतरी वर्षांनी ते दोघे समोरासमोर उभे होते. मोठ्या भावाने पिशवी खाली ठेवली आणि हात जोडले. “नमस्कार, साहेब,” म्हणाले.

धाकट्याने वाकायचं असतं. साहेबांनीही हात जोडले. नंतर काय करायचं ते दोघांनाही कळेना. शेवटी साहेबांना सुचलं ते म्हणजे गोडबोली. “या,” ते म्हणाले, “यंत्र दाखवतो.”

दाराशी दोघांनी पायातलं काढलं. स्विचरूमचं दार उघडंच होतं, आम्हाला सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. साहेबांनी यंत्र दाखवायला सुरुवात केली ती थांबेचनात. फोन कसा लागतो, पट्टी कशी निघते, अ का नाकारलं, ब का नाकारलं. मोठे साहेब आले होते तेव्हाही त्यांनी इतकं मन लावून सांगितलं नव्हतं. बोलता बोलता शुद्ध भाषा सुटली. “अन् हे पाय, हे बटन दाबलं का...” असं एकदा म्हणाले. ‘पाय’ म्हणजे आमच्याकडे ‘बघ’. भावाने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. साहेबांनी लगेच सावरून “पाहा” केलं.

भाऊ हात मागे बांधून ऐकत होते. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, “याले आवाज समजते काय?”

“आवाजाची गरज नाही. सर्किट पूर्ण झालं की झालं.”

“मंग आता एक ते दहा म्हनाचं काम नाही?”

शांताने माझा हात घट्ट धरला. साहेबांना काहीही म्हणता आलं असतं. खाप्याची लाइन नाजूक आहे म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. आठवड्यातून एकदा म्हणू, असं म्हणता आलं असतं. तो माणूस तेवढ्यासाठीच इतक्या लांब आला होता, हे आम्हा दोघींना खिडकीतून कळत होतं.

साहेब पट्टीकडे बघत म्हणाले, “नाही. आता नाही.”

“ठीक हाय, साहेब,” भाऊ म्हणाले. “मशीन चांगली हाय.”

ते बाहेर आले, चपला घातल्या, पिशवी उचलली. जिन्यापर्यंत गेले आणि परत फिरून आमच्या खिडकीशी आले. पिशवीतून त्यांनी पानात बांधलेलं मोठं पुडकं काढलं. “उकडलेले शिंगाडे हायत. घरच्या तळ्यातले. आनले होते कोनासाठी तं,” ते म्हणाले, “उद्यापर्यंत खराब होतीन. तुमी दोघी खाऊन घ्या.” आणि ते गेले. स्टोअरमधून काही नेलंच नाही.

मला साहेबांचा इतका राग आला की डोळ्यात पाणी आलं. आजही येतो. यंत्र चुकलं तर चुकलं, यंत्रं चुकतात. पण या माणसाला अजून बोलायची मुभा होती आणि त्याने ती वापरली नाही.

शिंगाडे आम्ही खाल्ले नाहीत. पुडकं टेबलावर तसंच उघडं पडलं होतं. साडेपाचच्या सुमाराला साहेब घरी जायला निघाले. खिडकीपाशी थबकले. “कुणी आणले?” त्यांनी विचारलं, पण उत्तरासाठी थांबले नाहीत. एक शिंगाडा उचलला, नखाने असा झर्रकन सोलला की शांता बघतच राहिली. उभ्याउभ्या खाल्ला. मग दुसरा, मग आणखी. बोटं काळी झाली, टायवर डाग पडला, त्यांचं लक्ष नव्हतं.

तेवढ्यात आत गोडबोलीची खटखट सुरू झाली. साहेब तसेच काळ्या हातांनी, बूट न काढता स्विचरूममध्ये गेले. मी मागून गेले. यंत्राने फोन लावला. खाप्याला बंद एक्सचेंजमध्ये घंटी वाजली असेल, कुलूपबंद खोलीत पेटीने टूं केलं असेल. पट्टी बाहेर आली. खापा, ओके.

आणि खापा तर इकडे नागपुरात, एसटीच्या स्टँडवर बसची वाट बघत बसला होता.

साहेबांनी पट्टी फाडून हातात घेतली. एकदा वाचली, पुन्हा वाचली. मग खिशातून लाल पेन काढलं, आणि गोडबोली आल्यापासून पहिल्यांदा तिच्या ओकेवर काट मारली. “बाई,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता, “हे चूक आहे.”

“साहेब,” मी म्हटलं, “खाप्याची बस सात वाजता सुटते.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. स्टँड काही लांब नव्हता, रिक्षाने दहा मिनिटं. साहेबांनी ती पट्टी नीट घडी करून खिशात ठेवली, केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

आम्ही दोघी सात वाजेपर्यंत बाहेर बसून होतो.